गालेन-कालेलाची कालेवाला-चित्रे: दैवतकथा किती आणि चित्रकार किती?

तुमचा प्रश्न दुपदरी आहे. हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयातील आक्सेली गालेन-कालेला याची 'कालेवाला' या महाकाव्यावरील चित्रे पाहून तुम्ही विचारले आहे, की वाइनामोइनेन, आइनो, लोउही यांची ही रूपे फिनलंडमध्ये पूर्वापार चालत आलेली आहेत, की ती एका चित्रकाराने कल्पिलेली आहेत. शिवाय 1891 मधले आइनोचे चित्र आणि 1897 मधले लेमिंकाइनेनच्या आईचे चित्र एकाच हातची वाटत नाहीत, याचे कारणही तुम्हाला हवे आहे. टेम्पेरा आणि भित्तिचित्र ही दोन्ही माध्यमे मी स्वतः हाताळते आणि शिकवते, त्यामुळे मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. पूर्वापार चालत आलेली रूपे चित्रकाराच्या हाताशी नव्हतीच. ती त्याला शोधावी लागली, आणि हा शोध आधी प्रदेशात व माणसांत, मग रंगाच्या माध्यमात आणि रेषेत झाला. शैलीतला जो बदल तुमच्या नजरेला खटकला, तो याच शोधाचा दुसरा टप्पा आहे.

आधी रूपांच्या अभावाविषयी. ग्रीक देवतांची शिल्पे, नाणी, मृत्पात्रे हजारो वर्षे टिकली, त्यामुळे झ्यूस कसा दिसतो हे युरोपातल्या चित्रकाराला शिकताशिकताच कळत असे. फिनिश दैवतकथा मात्र गाण्यांत जगल्या. बिशप मिकाएल आग्रिकोला याने 1551 मध्ये बायबलमधील स्तोत्रांचे भाषांतर छापले, तेव्हा त्याच्या पद्यमय प्रस्तावनेत त्याने हामे आणि कारेलिया या दोन प्रांतांतील लोक कोणकोणत्या देवांना भजतात याची यादी दिली. त्या यादीत गाणी घडवणारा वाइनामोइनेन आहे आणि वारा-पाऊस व प्रवाशांची वाट सांभाळणारा इल्मारिनेनही आहे. यादी देण्यामागचा हेतू निषेधाचा होता, परंतु आज तीच आपला सर्वात जुना लेखी आधार आहे. तिच्यातून नावे आणि कामे कळतात, पण चेहरा, वेष किंवा आयुध यांपैकी काहीही कळत नाही. फिनलंडमध्ये प्राचीन शैलचित्रे आहेत हे खरे. सरोवरांच्या काठच्या उभ्या कड्यांवर लाल गेरूने काढलेली एल्क हरणे, होड्या आणि काडीसारखी माणसे तिथे दिसतात. पण त्यांतले पहिले 1911 मध्ये विट्रेस्क सरोवरावर लक्षात आले, तेही संगीतकार जान सिबेलिउस याच्या, आणि अस्तुवानसाल्मीचा प्रसिद्ध कडा 1968 पर्यंत अभ्यासकांना माहीत नव्हता. 1890 च्या दशकातल्या चित्रकाराला त्यांचा काहीच उपयोग नव्हता.

गाण्यांपासून चित्रांपर्यंतच्या वाटेवर आणखी एक माणूस उभा आहे, आणि त्याला ओळखल्याशिवाय ही चित्रे नीट वाचता येत नाहीत. एलियास ल्योनरोट (1802–1884) हा शिंप्याचा मुलगा. तो डॉक्टर झाला आणि कायानी या दूरच्या गावी जिल्हा वैद्य म्हणून राहिला. तिथून तो वारंवार पूर्वेकडे, रशियाच्या हद्दीतील विएना कारेलियात गेला. लातवायार्वी गावचा आर्हिप्पा पेर्त्तुनेन, वुओन्निनेनचा ओंत्रेई मालिनेन अशा गायकांकडून त्याने शेकडो गाणी उतरवून घेतली आणि ती एका कथासूत्रात ओवून 1835 मध्ये 'कालेवाला' प्रसिद्ध केले. त्या पहिल्या आवृत्तीत 32 सर्ग आणि बारा हजारांहून थोड्या अधिक ओळी होत्या. 1849 मध्ये आलेली, आज सर्वत्र वाचली जाणारी आवृत्ती 50 सर्गांची असून तिच्यात 22,795 ओळी आहेत. ओळी बहुतांशी गायकांच्याच आहेत. त्यांचा क्रम, पात्रांची जुळवाजुळव आणि कथेचा ओघ मात्र ल्योनरोटचा आहे.

त्याने केलेले फेरफार चित्रांवर थेट उमटले आहेत. सृष्टीच्या उत्पत्तीच्या गाण्यात समुद्रावर तरंगणाऱ्या वाइनामोइनेनच्या गुडघ्यावर पक्षी घरटे करतो, अंडी घालतो, ती फुटतात आणि त्यांतून पृथ्वी व आकाश होते. 1835 च्या आवृत्तीत ल्योनरोटने हा प्रसंग तसाच ठेवला होता. 1849 मध्ये मात्र त्याने तो गुडघा वायुकन्या इल्मातार हिला दिला आणि वाइनामोइनेनला तिचा मुलगा केले. त्यामुळे रोबेर्ट विल्हेल्म एकमान याने 1860 मध्ये समुद्रावरची इल्मातार रंगवली, तेव्हा तो एका प्राचीन देवीचे चित्र काढत होता असे म्हणणे अर्धेच खरे ठरते. त्या प्रसंगातल्या तिच्या स्थानाला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. देवांना वीर करणे, वीरांना माणसांजवळ आणणे हाच ल्योनरोटच्या संपादनाचा कल होता. आग्रिकोलाच्या यादीतला देव त्याच्याकडे शहाणा, म्हातारा, एकाकी गायक होतो, आणि चित्रकारांना मिळाला तो हा गायक.

एकमान (1808–1873) आणि त्याच्या पिढीने या गायकाला उसने रूप दिले. त्याच्या चित्रांत कान्तेले हे तंतुवाद्य वाजवणारा वाइनामोइनेन लांब दाढीचा आणि झुळझुळीत वस्त्रातला आहे, आणि भोवती पशुपक्षी व देवता ऐकत बसल्या आहेत. वाद्य बदलले तर तो ग्रीक पुराणातला गायक ऑर्फियस म्हणून सहज खपेल. स्वीडनहून आलेला शिल्पकार कार्ल एनेआस श्योस्त्रांद याने 1868 मध्ये काव्यातला सूडाने पेटलेला तरुण कुल्लेर्वो तलवारीशी बोलताना घडवला, त्याचे शरीरही अभिजात ग्रीक शिल्पाच्या मापाने घडलेले आहे. या लोकांना मी दोष देणार नाही. ज्या विषयाला स्वतःची चित्रभाषा नाही, त्याला हाताशी असलेली भाषा वापरूनच सुरुवात होते. पण ती चित्रे पाहताना थंडी वाजत नाही, पाइनचा वास येत नाही, आणि गाणाऱ्याचा आवाजही ऐकू येत नाही.

आक्सेली गालेन-कालेला (1865–1931) पोरी या किनारपट्टीच्या गावी स्वीडिशभाषक घरात आक्सेल गालेन या नावाने जन्मला. आज प्रचलित असलेले नाव त्याने 1907 मध्ये घेतले. 1880 च्या दशकात तो पॅरिसमध्ये शिकला आणि तिथल्या निसर्गवादी चित्रकलेचा पक्का अनुयायी झाला. दिसते ते, दिसते तसे, आणि शक्यतो जागेवर जाऊन रंगवायचे, हा त्या शाळेचा नियम होता. आइनोचे पहिले तीन फलकांचे चित्र त्याने 1889 मध्ये पॅरिसमध्येच रंगवले. ते आज फिनलंडच्या बँकेच्या मालकीचे आहे. त्याचे त्याला समाधान झाले नाही आणि पुढच्या दोन वर्षांत त्याने सबंध चित्र पुन्हा केले. तुम्ही आतेनेउममध्ये पाहिले ते हे दुसरे, 1891 चे. मधल्या काळात एक निर्णायक गोष्ट घडली होती. 1890 मध्ये लग्न झाल्यावर तो पत्नी मेरीसह कारेलियाच्या प्रवासाला गेला. लुई स्पार्रे हा स्वीडिश चित्रकार मित्रही बरोबर होता. तिथली लाकडी घरे, होड्या, विणकामाचे नमुने, माणसांचे चेहरे आणि जंगलाचा उजेड त्याने डोळ्यांत भरून घेतला. पुढच्या काही वर्षांत लेखक, संगीतकार, वास्तुविशारद आणि छायाचित्रकार यांची तिकडे रीघच लागली, ई. के. इन्हा याने 1894 मध्ये विएना कारेलियात घेतलेली छायाचित्रे त्या लाटेचा उत्तम पुरावा आहेत.

त्या प्रवासाचे फळ दुसऱ्या आइनोत दिसते. डाव्या फलकात भुर्जाच्या जंगलात स्नानासाठी डहाळ्या तोडायला आलेल्या आइनोपुढे म्हातारा वाइनामोइनेन उभा आहे. उजव्या फलकात ती वस्त्रे उतरवून किनाऱ्यावर बसली आहे आणि जलदेवी वेल्लामोच्या पाण्यातल्या कन्या तिला खुणावत आहेत. मधल्या मोठ्या फलकात ती बुडून गेल्यानंतरचा प्रसंग आहे: वाइनामोइनेनच्या गळाला लागलेला मासा त्याच्या हातून निसटतो, आणि तो मासा म्हणजे आइनोच होती हे त्याला फार उशिरा कळते. भुर्जाची साल, पाण्यावरचा प्रकाश, होडीच्या फळ्या, कारेलियन वेष यांत कुठेही ढिलाई नाही. चौकटसुद्धा चित्रकाराने स्वतः आखली असून तिच्यावर काव्याच्या ओळी आहेत. आणि तीन फलकांची मांडणी चर्चमधल्या वेदीचित्रांची आहे, म्हणजे ख्रिस्ती उपासनेचा साचा त्याने बेधडकपणे ख्रिस्तपूर्व कथेसाठी वापरला आहे.

आता हीच कथा उलट दिशेने तपासा, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका उदाहरणात मिळेल. गायकांच्या तोंडी, विशेषतः स्त्रियांच्या गाण्यांत, ही मुलगी बहुधा आन्नी या नावाने येते. ती डहाळ्या तोडायला रानात जाते, एक पुरुष तिला 'माझ्यासाठी वाढ' असे म्हणतो, ती रडत घरी येते. घरातला प्रत्येक जण कारण विचारतो. आई तिची समजूत घालते, कोठीघरात जाऊन लोणी खा, चांगले कपडे घाल म्हणते, आणि मुलगी त्या कोठीघरातच गळफास घेते. माशाच्या रूपातल्या मुलीला गळाने पकडण्याचे गाणे अगदी वेगळे, पुरुष शिकाऱ्याचे आहे. ल्योनरोटने ही दोन्ही गाणी जोडली. त्यासाठी फासाऐवजी बुडून मरणे आणले आणि अनाम पुरुषाच्या जागी वाइनामोइनेनला उभे केले. मग चित्रकार आला आणि त्याने पॅरिसच्या प्रदर्शनांत रुळलेली, पाण्याकाठची विवस्त्र तरुणी तिथे बसवली. पहिल्या टप्प्यावर ती बायकांनी बायकांसाठी गायलेली, घराच्या आतली, सोसवत नाही अशी गोष्ट होती. तिसऱ्या टप्प्यावर ती सुंदर झाली. मला हे चित्र अतिशय आवडते, तरीही विद्यार्थ्यांना ते दाखवताना मी आधी आन्नीची गोष्ट सांगते, कारण या सौंदर्यासाठी काय बाजूला ठेवावे लागले ते माहीत असलेले बरे.

इथे एक आडवळण घेते, पण ते विषयाला सोडून नाही. ज्या स्त्रियांनी ही गाणी जपली त्यांच्यापैकी एकीचा चेहरा आपल्याला चित्रांतून माहीत आहे. इन्ग्रिया या फिनलंडच्या आखाताकाठच्या प्रदेशातली गायिका लारिन पारास्के (1833–1904) हिच्याकडून आडोल्फ नेओविउस या पाद्र्याने 1,152 गाणी, 1,750 म्हणी आणि 336 कोडी लिहून घेतली. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला ती पोर्व्होमध्ये राहत असताना आल्बेर्ट एडेलफेल्ट आणि एरो यार्नेफेल्ट या दोघांनीही तिला रंगवले, आणि सिबेलिउसने तिचे गाणे प्रत्यक्ष ऐकले. कल्पित वाइनामोइनेनपेक्षा ही चित्रे लोकपरंपरेच्या कितीतरी जवळची आहेत, कारण त्यांत परंपरा सांगणारी बाई स्वतः बसलेली आहे. तिची गाणी राष्ट्राची ठेव ठरली, पण ती मात्र गरिबीतच गेली. कालेवाला-चित्रांच्या दालनात गेलात तर लोउही आणि आइनो यांच्याइतकाच वेळ पारास्केला द्या, एवढी माझी विनंती आहे.

पुन्हा गालेन-कालेलाकडे येऊ. निसर्गवादाच्या जोरावर त्याने 1893 मध्ये 'साम्पोची घडण' रंगवले. साम्पो ही काव्यातली सर्वात गूढ वस्तू. लोहार इल्मारिनेन ती घडवतो; एका बाजूने पीठ, दुसरीने मीठ आणि तिसरीने पैसा दळणारे ते एक जाते आहे, असे काव्य सांगते. तिचा आकार कुठेही नीट वर्णिलेला नाही. अभ्यासक तिच्या अर्थावर दीडशे वर्षे वाद घालत आहेत. चित्रकाराने काय केले पाहा: त्याने साम्पो दाखवलाच नाही. भट्टी, भात्यावरचे गडी, तापलेला उजेड आणि वाकून आत पाहणारा इल्मारिनेन आपल्याला दिसतो. तो जे पाहतो आहे ते आपल्याला दिसत नाही. फार हुशार तोडगा आहे हा, पण तोडगाच आहे. निसर्गवादी चित्रकार लोहार रंगवू शकतो, लोहारशाळा रंगवू शकतो. जगाची भरभराट दळणारे जाते त्याच्यासमोर नमुना म्हणून ठेवता येत नाही. तैलरंगातल्या छायाप्रकाशाने प्रत्येक गोष्टीला वजन येते, पोत येतो, विशिष्ट दिवसाचा विशिष्ट प्रकाश येतो, आणि दैवतकथा मात्र कोणत्याही विशिष्ट दिवशी घडलेली नसते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या अडचणीत आहे. 1894–95 मध्ये त्याने रुओवेसीच्या रानात सरोवराकाठी ओंडक्यांचे घर आणि चित्रशाळा बांधली. तिला तो कालेला म्हणत असे. 1895 मध्ये तो बर्लिनला होता, तिथे नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्याबरोबर त्याचे प्रदर्शन झाले, आणि त्याच सुमारास घरी त्याची लहानगी मुलगी मार्यात्ता घटसर्पाने दगावली. त्याच वर्षापासून तो लाकूडठशाची मुद्रणे करू लागला. मुलीच्या मृत्यूने त्याची शैली बदलली असे सरळ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. मला त्यात अतिसुलभता वाटते. शैली बदलण्याची कारणे त्याच्या कामातच साचत आली होती. पण मृत्यू, माता आणि पुनर्जन्म हे विषय त्यानंतर त्याच्या चित्रांत ठाण मांडून बसले, हे नाकारता येत नाही. लाकडावर रेषा कोरताना मधल्या छटा उरत नाहीत. काळे किंवा पांढरे, एवढाच निवाडा करावा लागतो. हा निवाडा पुढे त्याच्या रंगकामात उतरला.

तैलरंग बाजूला ठेवून तो टेम्पेराकडे वळला. या माध्यमात रंगद्रव्य बांधायला अंड्यासारखा पाण्यात मिसळणारा पदार्थ वापरतात. रंग पाहता पाहता वाळतो. तैलरंगासारखे दोन छटा एकमेकींत विरघळवत बसणे शक्य होत नाही, त्यामुळे कडा स्पष्ट राहतात, रंग सपाट आणि मॅट दिसतो, आणि आकृती हवेत न बुडता पृष्ठभागावर येऊन उभी राहते. काम करताना हातालाच कळते, की इथे 'कसे दिसते' यापेक्षा 'काय आहे' हे आधी ठरवावे लागते. 1896 मधले 'साम्पोचे रक्षण', 1897 मधले 'योउकाहाइनेनचा सूड' (ही दोन्ही तुर्कूच्या कला संग्रहालयात आहेत) आणि 'लेमिंकाइनेनची आई' ही चित्रे या वळणानंतरची आहेत. जाड बाह्यरेषा, सपाट रंगक्षेत्रे, लाटांची नक्षीसारखी वळणे: त्यांत जपानी ठसाचित्रांचा अभ्यास आहे आणि मध्ययुगीन भित्तिचित्रांचाही.

'साम्पोचे रक्षण' मध्ये लोउही, उत्तरेच्या प्रदेशाची मालकीण, वाइनामोइनेन आणि त्याच्या साथीदारांनी चोरून नेलेला साम्पो परत घ्यायला राक्षसी पक्षी होऊन होडीवर झेपावते. काव्याच्या त्रेचाळिसाव्या सर्गात तिने मोडक्या होडीच्या फळ्यांचे पंख केले आहेत, विळ्या-कुदळींची नखे केली आहेत, आणि पंखांखाली शेकडो योद्धे घेतले आहेत. निसर्गवादी पद्धतीने हे रंगवले असते तर हास्यास्पद झाले असते. सपाट रंग आणि ठाशीव रेषा यांमुळे ते पटते, अंगावर येते. एक फरक मात्र ध्यानात घ्या: काव्यात म्हातारा वाइनामोइनेन होडीचे सुकाणूचे वल्हे उचलून तिची नखे मोडतो, चित्रात त्याच्या हातात उगारलेली तलवार आहे. वल्ह्याने लढणारा शहाणा गायक इथे योद्धा झाला. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अधिपत्याखाली होता आणि स्वायत्ततेवरचे दडपण वाढत होते. त्या काळात म्हाताऱ्याच्या हाती तलवार देणे ही साधी सवलत नव्हती असे माझे मत आहे.

'लेमिंकाइनेनची आई' या चित्राजवळ मात्र थोडे जास्त थांबावे. लेमिंकाइनेन हा उथळ, देखणा, भांडखोर वीर मृत्युलोक तुओनेलाच्या नदीवर हंस मारायला जातो आणि स्वतःच मारला जातो. त्याच्या देहाचे तुकडे नदीत फेकले जातात. आई इल्मारिनेनकडून लांब दात्यांचा दाताळा घडवून घेते, नदी उपसते, तुकडा तुकडा गोळा करून जोडते, आणि शेवटी मधमाशीला आकाशापलीकडचा मध आणायला पाठवते. त्या मधाच्या लेपानेच प्राण परत येणार आहे. चित्रकाराने दाताळा चालवण्याचा किंवा मुलगा उठून बसण्याचा क्षण घेतला नाही. देह जोडून झाला आहे, प्राण अजून आलेला नाही, आणि आई वर पाहत वाट बघते आहे, हा मधला क्षण त्याने निवडला. काळी नदी, तिच्यात हंस, काठावर कवट्या आणि हाडे, रक्ताने माखल्यासारखे लाल दगड, आणि वरून उतरणारे सोनेरी किरण. मांडीशी मृत पुत्र असलेल्या मरियमची ख्रिस्ती प्रतिमा इथे उघडच आहे. आईसाठी त्याने स्वतःच्या आईला समोर बसवले. त्यामुळे तिचा चेहरा आणि हात सुरकुत्यांसह खरे, निसर्गवादी आहेत, तर भोवतीचे दगड आणि किरण नक्षीसारखे, सपाट. एका माणसाचे खरे दुःख आणि एका पुराकथेची काळाबाहेरची भूमी अशी एकाच फलकावर शेजारी ठेवलेली मला त्याच्या दुसऱ्या कोणत्याही चित्रात इतक्या नेमकेपणाने दिसत नाही. माझ्या मते हे त्याचे सर्वश्रेष्ठ चित्र आहे.

टेम्पेरानंतरची पायरी भिंत होती. 1897–98 मध्ये तो इटलीला जाऊन फ्रेस्को पाहून आला. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेले रंगद्रव्य लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि रंग त्याच्यात कायमचा अडकतो. जेवढे काम दिवसभरात उरकेल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा असतो, आणि चूक झाली तर तो तुकडा खरवडून काढण्यावाचून इलाज नसतो. असे माध्यम संकोच सहन करत नाही. 1900 च्या पॅरिस विश्वप्रदर्शनात फिनलंडला रशियन साम्राज्याचा भाग असूनही स्वतःचे दालन मिळाले. गेसेलिउस, लिंडग्रेन आणि सारिनेन या तरुण वास्तुविशारदांनी ते बांधले आणि त्याच्या घुमटाखाली गालेन-कालेलाने चार भित्तिचित्रे केली: साम्पोची घडण, साम्पोचे रक्षण, सापांचे शेत नांगरणारा इल्मारिनेन, आणि जुना धर्म व ख्रिस्ती धर्म यांची भेट. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी 1899 मध्ये, झार दुसरा निकोलस याने फिनलंडची स्वायत्तता आकसणारा जाहीरनामा काढला होता, त्यामुळे विषारी सापांनी भरलेले शेत नांगरणे म्हणजे काय हे पाहणाऱ्यांना समजावून सांगावे लागले नसेल. प्रदर्शनानंतर दालन पाडले गेले. 1928 मध्ये त्याने मुलगा योर्मा याला हाताशी घेऊन हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या प्रवेशदालनाच्या छताखाली ही चित्रे पुन्हा केली. चौथ्या विषयाची जागा तेव्हा प्रचंड पाइक माशाच्या प्रसंगाने घेतली, ज्या माशाच्या जबड्यापासून वाइनामोइनेन पहिले कान्तेले बनवतो.

भिंतीने त्याला दगाही दिला. पोरीच्या एका उद्योजकाची अकरा वर्षांची मुलगी सिग्रिड युसेलिउस 1898 मध्ये वारली. तिच्या समाधिमंदिरात त्याने 1901 ते 1903 या काळात मृत्यू आणि ऋतुचक्र यांवर फ्रेस्को केले. 'तुओनेलाच्या नदीकाठी' हे त्यांतले सर्वात प्रसिद्ध आहे. स्वतःची मुलगी गमावलेल्या बापाने दुसऱ्या बापासाठी केलेले हे काम. गिलावा लवकरच खराब होऊ लागला, आणि 1931 मध्ये आगीने उरलेसुरले नासले. योर्माने वडिलांच्या रेखाटनांवरून 1930 च्या दशकात ती सारी चित्रे पुन्हा रंगवली, आणि 1939 मध्ये हिवाळी युद्धात तो मारला गेला. तुम्ही पोरीला गेलात तर जे पाहाल ते मुलाच्या हातचे आहे, हे लक्षात असू द्या. मूळ रेखाटने शेजारी ठेवून पाहिली तर रेषेचा फरक कळतो.

या रूपांनी फिनिश मनावर इतका ताबा मिळवला, की 1992 मध्ये माउरी कुन्नास याने मुलांसाठी कुत्र्यांच्या रूपात कालेवाला काढले, तेव्हा त्यातही गालेन-कालेलाच्या चित्रांची रचना ओळखू येते. शंभर वर्षांत एका माणसाची कल्पना परंपरा झाली. मात्र फिनिश लोकसमजुती चित्रात याव्यात तर त्या कालेवालातूनच याव्यात असे नाही, आणि हे सांगणारा चित्रकार त्याच्याच शिष्यांत निघाला. हुगो सिम्बेर्ग (1873–1917) रुओवेसीच्या चित्रशाळेत शिकला. त्याने वाइनामोइनेन आणि साम्पो यांना जवळपास हात लावला नाही. त्याच्या 1895 च्या छोट्या जलरंगात पीक करपवणारे हिव एखाद्या मोठ्या कानांच्या प्राण्यासारखे पेंढीवर बसून फुंकर घालते. 'मृत्यूची बाग' (1896) मध्ये काळे झगे घातलेले सापळे कुंड्यांतल्या रोपांना मायेने पाणी घालतात. वीर, तलवारी, राष्ट्र यांपैकी काही नाही. शेतकऱ्याच्या घरात सांजवेळी बोलली जाणारी भीती आणि तिच्याशी असलेले घरोब्याचे नाते एवढेच आहे. लोककथेच्या आत्म्याजवळ गुरूपेक्षा हा शिष्य अधिक गेला असे मला प्रामाणिकपणे वाटते. तांपेरेच्या कॅथेड्रलमध्ये (बांधकाम 1902–1907) त्याने हीच बाग भिंतीवर मोठी करून रंगवली, शिवाय आपले 'जखमी देवदूत' हे 1903 चे चित्रही. छताच्या मध्यावर तोंडात फळ धरलेला साप काढल्याबद्दल त्याच्यावर बरीच टीका झाली, पण साप तिथेच राहिला.

आता तुम्हाला प्रत्यक्ष उपयोगी पडेल असे सांगते. चित्र पाहण्याआधी त्याचा सर्ग वाचा, भाषांतर कोणतेही चालेल. आइनोसाठी तिसरा ते पाचवा, योउकाहाइनेनच्या सूडासाठी सहावा, साम्पोच्या घडणीसाठी दहावा, लेमिंकाइनेनच्या आईसाठी चौदावा आणि पंधरावा, सापांच्या शेतासाठी एकोणिसावा, कुल्लेर्वोसाठी एकतिसावा ते छत्तिसावा, पाइक माशासाठी चाळिसावा, साम्पोच्या रक्षणासाठी त्रेचाळिसावा. 1899 च्या 'कुल्लेर्वोचा शाप' या चित्रासाठी तर हे अत्यावश्यक आहे. मालकिणीने कुल्लेर्वोच्या भाकरीत दगड घातला, त्यावर त्याच्या वडिलांची एकुलती आठवण असलेली सुरी मोडली, हे ठाऊक नसेल तर त्या उगारलेल्या मुठीतला राग नुसता अभिनय वाटतो. साम्पोच्या घडणीची 1893 ची आणि भिंतीवरची अशी दोन्ही रूपे लागोपाठ पाहा आणि प्रकाश कुठून येतो एवढाच प्रश्न दोन्हींना विचारा. पहिल्यात तो भट्टीतून येतो, दुसऱ्यात रेषा आणि रंगक्षेत्रेच पुरेशी असतात. आणि ज्यांना मूळ गाण्यांपर्यंत जायचे आहे त्यांच्यासाठी फिनिश साहित्य संस्थेने 1908 ते 1948 या काळात 33 खंडांत छापलेला जुन्या लोकगीतांचा संग्रह आज इंटरनेटवर खुला आहे. तिथे आन्नीच्या गाण्याचे अनेक पाठभेद सापडतात.